यादीतलं पाचवं यंत्र

झूराकान एजेने आमच्या तळ्याकाठच्या काराकोल गावातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा फळा आणि हातात वायरी. गावात कोणाचं लग्न मोडायच्या बेतात आहे, कोणाचा भाऊ तुरुंगातून सुटतोय, हे त्या घरातल्या माणसांच्या आधी तिला कळायचं. तिने त्यातलं अवाक्षर कधी बाहेर काढलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण इतकी वर्षं लोकांचं बोलणं कानावर पडत राहिलं की माणसाचा एक समज पक्का होतो. जो तो काहीतरी लपवतोय. दूधवाली हसली तरी झूराकान एजे आधी दुधाकडे बघायची.

मी तिची शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये एक मातीची भिंत आहे आणि त्या भिंतीला एक लाकडी फाटक, जे कधीच बंद नसतं. मी शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून अख्खी गल्ली मला मुगालिम म्हणते, म्हणजे मास्तरीणबाई. झूराकान माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून ती एजे, म्हणजे ताई, आणि मी तिच्या तोंडी कायमची ‘अगं’.

घरात माणसं तीन. एजे, तिचा नवरा मुकानबेत, आणि सून पेरिझात. मुकानबेतने सत्तावीस वर्षं तळ्याच्या काठाकाठाने बस चालवली आणि त्या सत्तावीस वर्षांत तो प्रवाशांशी जेवढं बोलला नाही, तेवढंच घरातही बोलला नाही. मुलगा तिलेक कोरियात गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होता. जाण्याआधी त्याने घरात इंटरनेट घेतलं, स्वयंपाकघराच्या खिडकीत राउटर ठेवला आणि आईला म्हणाला, “आपा, हे आता तुझं एक्स्चेंज. रोज संध्याकाळी याच्यावरून मी तुला दिसेन.”

एक मुलगीसुद्धा होती, सिर्गा. पण तिचं नाव त्या घरात निघत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी ती इस्तंबूलला शिवणकामाच्या कारखान्यात गेली आणि तिथल्याच एका घटस्फोटित माणसाशी, त्याला आधीचा एक मुलगा असताना, कोणालाही न विचारता लग्न करून मोकळी झाली. त्या दिवशी एजे फोनवर एवढंच म्हणाली, “मला एकच लेकरू आहे, आणि तो मुलगा आहे.” फोन ठेवला. त्यानंतर भिंतीवरचे फोटोही बदलले.

तिलेकचा फोन रोज चार वाजता यायचा. आमच्याकडे चार म्हणजे कोरियात सात, त्याची पाळी सुटायची वेळ. पहिलं वर्षभर चित्र स्वच्छ दिसलं. मग सप्टेंबरात ते अडखळायला लागलं. तिलेकचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठायचा, आवाज तुटायचा आणि एजेला अर्धंच वाक्य मिळायचं.

“मी बरा आहे म्हणाला की बरा नाही म्हणाला, तेवढंच ऐकू आलं नाही,” ती मला म्हणाली.

तिने इंटरनेटवाल्यांना फोन केला. तिथला माणूस म्हणाला, लाइन ठीक आहे, तुमच्याच घरात कोणीतरी जास्त वापरत असेल. राउटरच्या पानावर जाऊन बघा, कोणकोणतं यंत्र जोडलेलं आहे ते दिसतं.

दुसरी बाई असती तर सुनेला हाक मारली असती. एजेने राउटर उलटा करून पोटावरची चिठ्ठी भिंगातून वाचली, तिच्यावरचा आकडा फोनमध्ये घातला, आणि दोन दिवस दार लावून त्या पानाचा अभ्यास केला. तिसऱ्या दिवशी ती मला शिकवू शकत होती. प्रत्येक यंत्राला स्वतःचा बारा अक्षरांचा आणि आकड्यांचा पत्ता असतो. तो पत्ता फोनच्या सेटिंगमध्ये सापडतो. मग पानावर त्या पत्त्यापुढे आपल्याला हवं ते नाव घालता येतं. कोणाला किती वेग द्यायचा ते ठरवता येतं, कोणाला आधी आणि कोणाला नंतर तेही, आणि नको असेल त्याला बाहेर काढता येतं.

“बसल्या जागी,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत मी कित्येक वर्षांनी चमक बघितली.

तिने नावं घातली. ‘मी’. ‘टीव्ही’. ‘सून फोन’. ‘सून लॅपटॉप’. पेरिझात लोकरीच्या जाड सपाता करून इंटरनेटवर विकायची, त्यांचे व्हिडिओ टाकायची. एजेने दुपारी तीन ते सहा तिच्या दोन्ही यंत्रांचा वेग निम्म्यावर आणला आणि तिला सांगितलं नाही. मुकानबेतकडे जुना बटणांचा फोन, त्याला इंटरनेट कशाशी खातात ते माहीत नाही, म्हणून त्याचं नाव यादीत नव्हतं.

चार नावं झाली. यादीत यंत्रं पाच होती.

पाचव्याला नाव नव्हतं, नुसता पत्ता. ते दिवसभर नसायचं. चारला पाच-दहा मिनिटं असताना यायचं, भसाभस इंटरनेट ओढायचं आणि पावणेपाचला निघून जायचं. नेमकं तिलेकच्या वेळेला.

पहिला संशय माझ्यावर. ती फाटकातून आली तेव्हा मी बटाटे तळघरात लावत होते.

“तुझ्याकडे वायफाय आहे ना?”

“आहे.”

“मग माझं कशाला वापरतेस?”

मी हातातला बटाटा खाली ठेवला. “एजे, हे काय बोलणं झालं?”

“बोलणं नको. फोन दे.”

मी दिला. तिने माझ्या सेटिंगमध्ये शिरून पत्ता काढला आणि तळहातावर लिहून आणलेल्या पत्त्याशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहिला. जुळला नाही. तिने फोन परत दिला, पण जागची हलली नाही.

“दुसरा फोन?”

“माझ्याकडे धड दुसरी चप्पल नाही. दुसरा फोन कुठून आणू?”

“भिंतीला लागून घर तुझंच आहे,” ती म्हणाली आणि गेली. मी दोन दिवस फाटकाकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी तिने आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी माझ्या पायरीवर ठेवली. माफी नाही, नुसती बरणी.

मग तिने पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड सोळा अक्षरांचा, त्यात आकडे, लहान-मोठी अक्षरं, सगळं. पेरिझातच्या फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये तिने तो स्वतःच्या हाताने घातला, सुनेला मान वळवायला लावून. टीव्हीत घालायची वेळ आली तेव्हा रिमोट आणि कागद एकाच वेळी तिला बघता येईना, म्हणून मुकानबेतला कागद धरून मोठ्याने वाचायला बसवलं. तो एकेक अक्षर वाचत होता, ती दाबत होती. मग कागद चुलीत.

दोन दिवस यादीत चारच यंत्रं. तिलेक स्वच्छ दिसला, त्याने कानामागची जखम दाखवली, जी तो महिनाभर झाकत होता. तिसऱ्या दिवशी, चारला सात मिनिटं असताना, पाचवं यंत्र परत आलं.

एजेने त्याला यादीतून बाहेर काढलं, दार बंद केलं. दुसऱ्या दिवशी ते चार वाजता पुन्हा हजर, पण या वेळी पत्ता वेगळा. तिने इंटरनेटवाल्यांना विचारलं. तो माणूस म्हणाला, नवे फोन तसं करतात, मालकाने जोडणी विसरायला लावून पुन्हा जोडली की पत्ता बदलू शकतो. मुखवटा बदलावा तसं.

“म्हणजे मुद्दाम,” एजे मला म्हणाली. “ज्याला कळतं असा कोणीतरी. आणि सोळा अक्षरं ज्याने पाहिली असा कोणीतरी.”

“कोण?”

तिने हनुवटीने घराच्या मागच्या खोलीकडे खूण केली. तिथे पेरिझात सपाता शिवत बसायची.

मला आता खोटं बोलायचं नाही. मीसुद्धा विश्वास ठेवला. तरणीताठी पोर, नवरा चौदा महिने परदेशी, दुपारी दार लावून बसते, आणि एकदा मी तिला मिनिबसच्या थांब्यावर फोनवर हसताना पाहिलं होतं. फोनवर हसणं हा काही गुन्हा नाही. पण एकदा मनात किंतु शिरला की हसणंसुद्धा पुरावा होतं. मी एजेला ते हसणं सांगितलं. ते मी सांगायला नको होतं.

पुढचे आठ दिवस एजेने सुनेवर पहारा केला. चार वाजले की काहीतरी निमित्त काढून मागच्या खोलीत जायची. कात्री आहे का, सुई आहे का, खिडकीतून वारा येतो का. पेरिझात दर वेळी सपाता शिवतानाच दिसायची. यावर एजेचा निष्कर्ष असा, की पोरगी फार सावध आहे.

नवव्या दिवशी तिलेकचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते, स्वयंपाकघरात कणीक मळायला मदत करत. मुकानबेत नेहमीसारखा सफरचंदांच्या कोठीत निघाला होता. हिवाळ्यासाठी तो सगळी फळं निवडून पेंढ्यात लावायचा, आणि त्या वर्षी त्याला त्यात फारच वेळ लागत होता. पण त्या दिवशी त्याचा मफलर सापडेना, म्हणून तो अजून दारातच होता.

तिलेक त्या दिवशी चालत्या बसमधून बोलत होता; दिसला, अडखळला, गोठला. एजेने फोन तोंडाशी धरला.

“तिलेक, ऐक. तुझ्या बायकोला विचार, रोज चार वाजता ती कोणाशी बोलते.”

पलीकडून तुकडे आले. “आपा... कोणाशी... काय झालं... पेरि...”

पेरिझात दारात उभी होती. तिने सगळं वाक्य अखंड ऐकलं होतं, त्याला ऐकू आलं नाही तेवढंही. ती पुढे आली आणि स्वतःचा फोन टेबलावर ठेवला.

“घ्या आपा. बघा.”

“हा नव्हे,” एजे म्हणाली. “दुसरा.”

पेरिझातने फोन परत उचलला. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. म्हणाली, “दोन वर्षं या घरात मी तुमच्या आधी उठले आणि तुमच्यानंतर निजले. आणि तुम्ही मला दुसरा फोन दाखव म्हणता.” मग आत जाऊन तिने पिशवी भरली.

मुकानबेतचे कान लालबुंद झाले होते. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि शेवटी एकच काम केलं. सुनेची पिशवी उचलली आणि थांब्यापर्यंत पोचवली. ती तिच्या माहेरी गेली, वरच्या गावाला. त्या दिवशी पाचवं यंत्र आलंच नाही, आणि एजेला वाटलं, तिचंच खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी रविवार, यंत्र नाही. एजे मला दोनदा म्हणाली, “बघितलंस?” दोन्ही वेळा तिचा आवाज विजयी नव्हता. तिलेकने फोन उचलणं बंद केलं होतं.

सोमवारी मी घरी चहा ओतत होते. फाटक आपटलं. एजे डोक्याला रुमालही न बांधता आली होती, पायांत मुकानबेतचे गमबूट. तिने फोन माझ्यापुढे धरला.

यादीत तीन ओळी होत्या. ‘मी’. ‘टीव्ही’. आणि बिननावाचं एक यंत्र.

“तुझा फोन बंद कर,” ती म्हणाली.

मी बंद केला. वर माझा राउटरही भिंतीतून उपटला. ओळ तिथेच राहिली.

ती स्टुलावर बसली. ती सारखं तेच बोलत होती. “सून नाही घरात. सून नाही, आणि हे आहे.”

मला काय सुचलं कोणास ठाऊक. कदाचित चाळीस वर्षं मुलांना नकाशा शिकवल्यामुळे असेल. मी विचारलं, “एजे, रविवारी हे कधीच येत नाही का?”

तिने आठवलं. “नाही. रविवारी कधीच नाही.”

“आणि बरोबर चार. म्हणजे कोणाची तरी ठरलेली सुट्टी असते. आपल्याकडे चारला कसलीच सुट्टी नसते. कोरियात सात असतात. पश्चिमेला जा. ताश्कंदला तीन. मॉस्कोला एक.”

“मॉस्कोत आपलं कोणी नाही.”

“एक म्हणजे जेवणाची सुट्टी,” मी म्हणाले. “मॉस्कोत जे घड्याळ, तेच इस्तंबूलला.”

ते बोलल्यावर मला माझी जीभ चावावीशी वाटली. एजे उठली. तिने खिडकीतून स्वतःच्या अंगणाकडे पाहिलं. अंगणात कोठी होती, आणि कोठीचं दार आतून ओढून घेतलेलं होतं.

आम्ही दोघी गेलो. कोठीच्या फळ्यांत बोटभर फटी आहेत. आत मुकानबेत उलट्या खोक्यावर बसला होता, टोपी मागे सरकवून, आणि समोर पेंढ्यात एक मोठ्या पडद्याचा फोन उभा केलेला. तो एकेक सफरचंद पडद्यापुढे धरत होता.

“हे लाल. हे पिवळं. हे मोठ्ठं आहे ना, याला अपोर्त म्हणतात. म्हण, अपोर्त.”

“आपोत,” फोनमधून एक बारीक आवाज आला.

“शाबास. आणि याला भोक पडलंय. यात कोण राहतं?”

“किडा दादा.”

मुकानबेत हसला. मी त्या माणसाला तीस वर्षं ओळखते आणि त्याचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मग एका मोठ्या बाईचा आवाज आला, घाईतला, तोंडात घास असल्यासारखा. “बाबा, सुट्टी संपतेय. घरात सगळं ठीक ना? आवाज असा का वाटतोय तुमचा?” मुकानबेत म्हणाला, “ठीक आहे. सर्दी झालीय.”

एजे त्या फटीला डोळा लावून उभी होती. गमबूट चिखलात रुतले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते मला आठवलं, पण ते बोलायची ती वेळ नव्हती. मला वाटलं आता ती दार ठोठावेल. ती वळली आणि घरात गेली. मी माझ्या वाटेला लागले तर माझी बाही धरून म्हणाली, “तू बस.”

मुकानबेत पाच वाजता आत आला. टेबलावर चहा होता, आणि एजेने तिन्ही वाट्या भरल्या होत्या.

“फोन कोणी दिला?” तिने विचारलं.

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग तो बसला. “सिर्गाने पाठवला. इस्तंबूलहून परतलेल्या एका बाईने रविवारच्या गुरांच्या बाजारात आणून दिला. ऑगस्टात.”

“आणि पासवर्ड?”

“तूच तर मला वाचायला बसवलंस.”

“सोळा अक्षरं लक्षात राहिली?”

“सत्तावीस वर्षं प्रत्येक थांबा लक्षात ठेवला,” तो म्हणाला. “तू बंद केलंस तेव्हा मी थांब्यावर जाऊन टपरीवाल्याच्या वायफायवरून तिला सांगितलं. जोडणी विसरा आणि पुन्हा जोडा, असं तिने शिकवलं.”

एजेने वाटी खाली ठेवली. “सून माझ्या डोळ्यांदेखत घराबाहेर गेली. तुम्ही तिथे उभे होतात. तरी तोंड उघडलं नाहीत.”

“हो.”

“नुसतं हो?”

“नाही उघडलं. मला त्याची लाज आहे आणि ती माझी मी भोगीन.” तो टेबलाकडे बघत बोलत होता, पण थांबला नाही. “पण सहा वर्षं तू या घरात पोरीचं नाव घेऊ दिलं नाहीस, झूराकान. तिला लेक झाली, ती तीन वर्षांची झाली. देनिझ तिचं नाव, कारखान्याच्याच पाळणाघरात असते. तुला सांगायला मी कितीदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलो. मला भीती होती, तू तेही बंद करशील. तुला फक्त एक बटण दाबायचं होतं.”

एजेने किटली उचलली. राउटरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. तिने माझ्या वाटीत चहा ओतला, जी आधीच भरलेली होती, आणि तो टेबलावर सांडला.

बुधवारी आम्ही दोघी वरच्या गावाला गेलो. एजेने पांढऱ्या फडक्यात ताजे बोर्सोक, म्हणजे तळलेले कणकेचे गोळे, बांधून घेतले होते आणि वाटभर ते मांडीवर धरून ठेवले होते. पेरिझातच्या आईने आम्हाला मानाच्या जागी बसवलं आणि चहाची वाटी काठोकाठ भरून दिली. आमच्याकडे पाहुण्याला अर्धी वाटी देतात, पुन्हा पुन्हा भरायला मिळावी म्हणून. काठोकाठ म्हणजे प्या आणि निघा.

एजे ती वाटी पूर्ण प्याली. मग म्हणाली, “पेरिझात, मी चुकले. यंत्र तुझं नव्हतं. तुझ्या सासऱ्याचं होतं.”

पेरिझातने मान हलवली. “कळलं मला. त्यांनी काल फोन करून सांगितलं. फोनवर नीट बोलताही येईना त्यांना.” मग तिने विचारलं, “आणि माझं असतं तर?”

“म्हणजे?”

“माझा दुसरा फोन असता, आणि मी दार लावून माझ्या आईशी बोलत असते, तर? तरी मी चोरच ठरले असते ना?”

एजेने बोर्सोकांच्या फडक्याची गाठ सोडली, बांधली, परत सोडली. “ठरली असतीस,” ती म्हणाली.

मला वाटतं, त्या खरेपणाने काम झालं. गोड काही बोलली असती तर पोरगी उठून आत गेली असती. पेरिझातच्या आईने न विचारता आमच्या वाट्या भरल्या, या वेळी अर्ध्या.

पेरिझात दहा दिवसांनी परतली, पण अटीवर. तिने स्वतःच्या खोलीत स्वतःची वेगळी लाइन घेतली, वेगळा राउटर. त्याचा पासवर्ड तिने सासूला दिला नाही, आणि एजेने मागितला नाही. तिलेकशी ती आता स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या वेळेला बोलते. त्याने आईचा फोन उचलायला आणखी तीन आठवडे घेतले. मीही पेरिझातकडे गेले आणि थांब्यावरच्या हसण्याची गोष्ट मीच सांगितली होती हे कबूल केलं. ती म्हणाली, “मला वाटलंच होतं.” अजून ती माझ्याशी जपून बोलते. तेही बरोबरच आहे.

राहिली सिर्गा. एजेने कोणाला न सांगता राउटरच्या पानावर एक बदल केला. तिलेकची वेळ साडेपाचची ठरवली, आणि चार ते पाच कोठीतल्या फोनला सगळ्यात आधी, सगळ्यात जास्त वेग. मुकानबेतला एवढंच कळलं की नात आता अजिबात अडखळत नाही. तो आपल्या परीने विचार करत राहिला. एके दिवशी चारला तो फोन हातात घेऊन सरळ स्वयंपाकघरात आला, आणि टेबलावर मिठाच्या भांड्याला टेकवून ठेवला. एजे पाठमोरी होती, नूडल्ससाठी पीठ लाटत होती.

“ती कोण?” फोनमधल्या पोरीने विचारलं.

मुकानबेतने दाढी खाजवली. “ती ना,” तो म्हणाला, “ती आपल्या घरचं इंटरनेट सांभाळते.”

एजेचं लाटणं थांबलं. ती वळली नाही. तिने विचारलं, “आवाज नीट येतोय का?”

पलीकडून सिर्गा म्हणाली, “येतोय, आपा.”

“चित्र?”

“तेही. तुमची पाठ दिसतेय.”

एजे पीठ लाटत राहिली. त्या दिवशी एवढंच झालं, असं तिने मला सांगितलं. नूडल्स फार जाड झाल्या होत्या, हे मुकानबेतने सांगितलं.

त्यानंतर हळूहळू ती वळली. आधी कडेला बसायला लागली, मग समोर. बोलणं प्रेमाचं म्हणावं असं नव्हतं, चौकशीचं होतं. तो माणूस काय करतो? गालिच्यांच्या दुकानात आहे म्हणजे मालक आहे की नोकर? आधीची बायको का गेली? त्याचा मुलगा देनिझला मारत नाही ना? सिर्गा उत्तरं द्यायची, कधी चिडून फोन बंद करायची आणि दुसऱ्या दिवशी परत लावायची. तो माणूस एकदा स्वतः पडद्यावर आला, तुटक्या रशियनमध्ये नमस्कार म्हणाला. एजेने त्याला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही जेवणाच्या सुट्टीत माझ्या मुलीच्या कारखान्यात काय करताय?” तो तिला डबा घेऊन आला होता.

जुलैत सिर्गा आणि देनिझ आल्या. नवरा नाही आला, त्याला सुट्टी मिळाली नाही. एजे बसथांब्यावर तासभर आधी जाऊन उभी होती, आणि मला म्हणाली, “सुट्टी मिळाली नाही म्हणे. बघू.” मग बस आली. सिर्गा खाली उतरली, तिच्या मागून देनिझ, हातात एक प्लास्टिकचा घोडा. एजे आणि सिर्गा एकमेकींपासून हातभर अंतरावर थांबल्या. मुकानबेत सामान उतरवायला गेला. देनिझने आजीकडे पाहिलं, मग तिच्यामागे पाहिलं, आणि विचारलं, “सफरचंदं कुठायत?”

“अजून पिकली नाहीत,” एजे म्हणाली. “चल, दाखवते.” आणि सिर्गाच्या हातातली जड पिशवी तिने ओढून घेतली.